ओली पत्ती

"बघ," म्हणत अप्पांनी सनईची पत्ती ओठांतून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी बोट लावून पाहिलं. चांगली पाच मिनिटं त्यांनी ती तोंडात धरली होती, तरी ती वाळल्या गवतासारखी कडक होती.

"आणखी थोडा वेळ धरा की."

"तासभर धरली तरी ह्येच. तोंड कुठं ऱ्हायलंय ते? पुठ्ठ्याचं खोकं झालंय."

आई भाकरी थापत होती. मान न वळवता म्हणाली, "पाण्यात बुडवून घ्यावी मग. भांडंभर ठेवलंय तुमच्याशेजारी."

"पाण्यानं पत्ती फुगती, बोलत न्हाई. आणि एकदा भिजवून भागतंय व्हय? वाजवताना तोंडानं सारखी ओली ठेवाय लागती तिला. नगारखान्यात घागर घेऊन बसू काय?"

"बसा. देवीला काय, तिनं तुमचं सगळं बघितलंय."

अप्पा हसले. हसताना त्यांचा वरचा ओठ दातांना चिकटून राहिला आणि त्यांना तो बोटानं सोडवावा लागला. मी दुसरीकडे पाहिलं.

अकरा वर्षं झाली याला. श्रावण चालू होता. मी सांगलीला बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षात शिकत होते आणि दर शनिवारी एस.टी.नं गावी यायची. आम्ही गुरव. गावच्या देवीच्या नगारखान्यात पहाटे सनई वाजवायचा मान आमच्या घराकडे. अप्पा बाविसाव्या वर्षी त्या जिन्यानं पहिल्यांदा वर गेले, आणि पुढं एकतीस वर्षं गाव त्यांच्या सनईनं उठलं. त्यांच्या शेजारी म्हादूकाका. अप्पा वाजवायचे ती सनई नाचायची, आणि म्हादूकाकांची दुसरी सनई नुसता एक सूर धरून बसायची. एकतीस वर्षं एकच सूर. अप्पा त्यांना चिडवायचे, "म्हाद्या, मेल्यावर देवानं विचारलं काय वाजवलंस, तर काय सांगशील?" काका म्हणायचे, "सांगीन, तातोबाला पडू दिलं न्हाई."

आदल्या वर्षी अप्पांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. मिरजेला पस्तीस वेळा मशीनखाली शेक दिला. गाठ गेली. पण गाठीबरोबर लाळेच्या ग्रंथीही बऱ्याचशा भाजून निघाल्या. तेव्हापासून अप्पांच्या हाताशी सदा तांब्या असे. भाकरी आमटीत कुस्करून, घासाघासाला घोट घेऊन ते जेवत. आणि सनई चौदा महिने पेटीत होती.

देवळात मात्र सनई थांबली नव्हती. विश्वस्त नाना शेटे यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेनं अप्पांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आता ते पेनड्राइव्हवर होतं. पहाटे साडेपाचला पुजारी बटण दाबायचा, मोटरवरचा नगारा आणि कर्ण्यातली सनई एकदम सुरू व्हायची. अप्पा अंथरुणात पडून स्वतःलाच ऐकायचे. एकदा छताकडे बघत म्हणाले, "बरा वाजवायचा गडी."

नानांनी निरोप धाडला होता. घटस्थापनेला अप्पा बसले तर आनंदच आहे, मान त्यांचाच. नाही बसले तर मग पेनड्राइव्हच कायम, आणि नगारखान्याच्या खोलीत मंडपाचं सामान ठेवायचं. नानांचंही चुकत नव्हतं. सामान दर पावसात भिजत होतं.

घटस्थापनेला सात आठवडे होते.

त्याच आठवड्यात मंगळवारी कॉलेजात सरांनी नवा धडा काढला. आपल्या शरीरात नसांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं एक द्रव्य सुटतं. तो निरोप्या. ग्रंथीच्या दाराशी जाऊन 'पाझर' म्हणतो, आतड्याला 'हल' म्हणतो, हृदयाला 'जरा दमानं' म्हणतो, डोळ्याच्या बाहुलीला 'मिट' म्हणतो. आणि काही औषधं अशी आहेत, की ती हुबेहूब या निरोप्याचं सोंग घेतात. सरांनी फळ्यावर एक नाव लिहिलं, पायलोकार्पिन. डोळ्यांत घालतात, आणि पुढं सहज म्हणाले, शेक दिल्यामुळं तोंड कोरडं पडलेल्यांना गोळ्याही देतात.

मी वही मिटली. पुढचं काही लिहून घेतलं नाही.

मिरजेच्या डॉक्टर तेरदाळेबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि अप्पांकडे वळल्या. "दमा आहे का? छातीत धडधड? डोळ्यांचा काही आजार?"

"न्हाई. छातीत फकस्त फुंकर हाय."

बाईंनी तरीही छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली. मग म्हणाल्या, "गुरवमामा, देऊन बघू. पण जेवढ्या ग्रंथी जिवंत आहेत तेवढ्याच ऐकतील. मेलेल्यांना ही गोळी उठवणार नाही. आणि ही काही फक्त तोंडातच काम करत नाही. घाम येईल, नाक वाहील, लघवीला पळावं लागेल, अंधारात कमी दिसेल. दिवसाला तीन. तीन म्हणजे तीनच."

अप्पांनी विचार केला. "म्हंजी ह्यो बहुरूपी झाला."

"कोण?"

"तुमची गोळी. पोलिसाचं सोंग घेऊन आला तर म्हातारी बी घाबरती आणि पोरगं बी. आणि एकदा गल्लीत शिरला की एका घरापुरता थांबत न्हाई, दारोदार जाणार."

बाई हसल्या. "परीक्षेत हेच लिही," मला म्हणाल्या. उठताना चिठ्ठीच्या मागं आपला नंबर लिहून दिला. "आणि तंबाखू, सुपारी, बंद म्हणजे बंद. ती गाठ कशानं झाली ते विसरू नका."

बहुरूपी आमच्या घरात आला आणि खरंच दारोदार फिरला. पहिल्या गोळीनंतर अर्ध्या तासानं अप्पा पावसाळी गारठ्यात बंडी काढून बसले. पाठीवरून घामाच्या धारा. आई पंच्यानं पुसत होती आणि बडबडत होती, "तोंडाला पाणी आणायला सांगितलं, तर ह्यानं पाठीला आणलं." नाक वाहायचं. दर तासाला परसात जावं लागायचं. संध्याकाळी उंबऱ्याला ठेच लागली म्हणून आईनं दिवेलागणीनंतर त्यांना एकट्यानं हिंडायची बंदी केली. गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, अप्पा तालमीत जातात का.

तोंडात मात्र फारसं काही नव्हतं. एक आठवडा, दोन, तीन. मी सांगलीहून रोज फोन करायची.

"काय म्हणतोय बहुरूपी?"

"हिंडतोय. आपल्या दारात अजून आला न्हाई."

चौथ्या शनिवारी मी घरी पोचले तेव्हा दोघं जेवत होते. अप्पांनी माझ्याकडे बघत भाकरीचा कोरडा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. तांब्याला हात लावला नाही. मग दुसरा. आई उठून चटणी आणायला आत गेली. चटणी ताटात होतीच.

आता माझ्या लेकीला दात येताहेत. दिवसाला पाच-पाच लाळेरी बदलावी लागतात, सासूबाई वैतागतात. मला ती पिळून वाळत घालताना काही वाटत नाही. उलट एखादं हातात धरून मी उगीच उभी राहते. अप्पांनी तिला पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते न्यूमोनियानं गेले. ती गाठ पुन्हा आली नाही, तेवढं देवीनं राखलं.

तर, भाकरीचं जमलं. अप्पांनी पेटी उघडली. पत्ती पहिल्यांदा दोन मिनिटं ओली राहिली, मग पाच. घटस्थापनेच्या आदल्या रविवारी दहा मिनिटं वाजलं, आणि मग सूर मधेच खरखरला आणि मेला. नगारखान्यात अर्धा तास लागतो.

त्या रविवारी म्हादूकाका आले होते. अप्पा आजारी पडल्यापासून ते आमच्याकडे येताना अडकित्ता घरी ठेवून यायचे. त्या दोघांची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. नगारखान्याच्या पहिल्या पायरीवर थांबायचं, काकांनी एक सुपारी कातरून दोन खांडं करायची, एक अप्पांच्या गालात, एक स्वतःच्या. मग वर. तोंडाला पाणी सुटतं, पत्ती खूश राहते. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

"धा मिनिटं," काका म्हणाले. "पुढली वीस मी सूर वाढवून काढीन."

"तू वाढव. लोकांना वाटंल भोंगा अडकला."

मला बरं वाटत होतं. गोळी माझी, धडा माझा. त्या भरात मी म्हणाले, "काका, तुम्हाला माहीत आहे का, सुपारीतसुद्धा असंच एक द्रव्य असतं. तेही त्याच निरोप्याची नक्कल करतं. म्हणून तर लाळ सुटते. आणि कधी न खाणाऱ्यानं खाल्ली की सुपारी लागते, दरदरून घाम फुटतो, तो त्याचाच."

काका बघत राहिले. "म्हंजी ही गोळी आणि सुपारी?"

"एकाच जातीच्या."

"आयला. मिरजेच्या बाईनं पाचशे मैलांवरनं आणलं ते आमच्या कनवटीला होतं म्हण की."

सगळे हसले. मीही हसले. सुपारी वाईटच, तिच्यामुळं गाठ होते, हेही मी बोलले. पण ते हसण्याच्या मागून बोलले, आणि तेव्हा आई चहा देत होती, कप वाजत होते.  अप्पा पत्तीवरून बोट फिरवत बसले.

घटस्थापनेच्या पहाटे पावणेपाचला मी त्यांना चहाबरोबर गोळी दिली. त्यांनी पांढरा सदरा घातला, फेटा बांधला. आईनं दारात त्यांना ओवाळलं आणि म्हणाली, "मी हितनंच ऐकते. घट बसवायचेत मला." ती कधीच नगारखान्याकडे येत नसे; एकतीस वर्षं तिनं त्यांना स्वयंपाकघरातूनच ऐकलं होतं.

मी पेटी घेतली. जिन्यापाशी म्हादूकाका उभे होते. मी आधी वर गेले, सतरंजी अंथरली, खिडकी उघडली. खाली देवळाच्या चौकात गर्दी जमत होती. नाना शेटे घड्याळ बघत होते. त्यांच्याशेजारी पुजारी, कर्ण्याच्या मशीनपाशी, पेनड्राइव्ह हातात.

दोघं वर आले तेव्हा अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. घाम तर रोजचाच होता, मी फार लक्ष दिलं नाही. ते बसले. पत्ती तोंडात धरली. काकांनी सूर लावला. तो खोलीत भरून राहिला, खिडकीतून खाली गेला, आणि चौकातली कुजबुज थांबली.

अप्पांनी फुंकलं.

नुसती हवा आली. ओल्या कपड्यातून येते तशी, फसफसत. त्यांनी पत्ती काढून झटकली. थेंब उडाले. पुन्हा लावली, पुन्हा फुंकलं. पत्तीच्या कडेनं लाळेची धार त्यांच्या हनुवटीवर आली.

चौदा महिने ज्या तोंडात थेंब नव्हता ते तोंड भरून वाहत होतं. ते गिळत होते, पुसत होते, आणि पुन्हा भरत होतं. पत्ती भिजून बसली होती. बोटं घामानं भोकांवरून घसरत होती. मग त्यांनी सनई मांडीवर ठेवली, पोट दाबून धरलं आणि एका कुशीवर कलंडले.

"तातोबा," काका म्हणाले. त्यांचा सूर तुटला.

मी त्यांचं मनगट धरलं. प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकींची नाडी मोजत असू. हात ओले असले की सापडत नाही. सापडली. एक. मग इतक्या वेळानं दोन, की मला वाटलं, आता नाहीच. मिनिटाला चव्वेचाळीस.

"अप्पा, तोंड उघडा."

डाव्या गालात सुपारीचं खांड होतं. मी बोटानं काढलं. ते माझ्या हातात गरम लागलं.

"आणि गोळ्या? मी एक दिली होती."

अप्पांनी खिशाकडे खूण केली. पाकिटात आणखी एक कमी होती.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी ओरडा केला नाही. विचारलं, शुद्धीवर आहेत का, श्वासाला त्रास आहे का, नाडी किती. "आडवं ठेव, पाय उंचावर घे, तोंड एका बाजूला, लाळ बाहेर जाऊ दे. जरा निवळले की साखर-मिठाचं पाणी घोटघोट. शेजारी बसून नाडी मोजत राहा. चाळिसाच्या खाली गेली, चक्कर आली, दम लागला, तर गाडी करून सरळ इकडे. गाडी आत्ताच सांगून ठेव." मग म्हणाल्या, "घाबरू नकोस. बहुरूपी चार तासांत आपल्या आपण जातो. तोवर सांभाळायचं."

काकांनी खिडकीतून खाली सांगितलं, गाडी तयार ठेवा. का ते सांगितलं नाही. खालून नानांचा आवाज आला, "म्हादबा, मुहूर्त टळतोय." काका माझ्याकडे बघायला लागले. मी अप्पांकडे. अप्पांनी डोळे मिटूनच हात हलवला, लावा म्हणून.

बटण दाबलं गेलं. मोटरचा नगारा घुमला आणि त्यावर सनई. पाच-सहा वर्षांपूर्वीचे अप्पा, ओल्या तोंडाचे, बिनचूक. खाली घंटा, आरती, शंख. वर मी अप्पांचे पाय पेटीवर ठेवले होते आणि मनगट धरून मोजत होते. सेहेचाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. काका भिंतीशी डोकं टेकवून रडत होते, आवाज न करता. थोड्या वेळानं ते उठले, तोंड पुसलं, आपली सनई उचलली आणि कर्ण्यातल्या सनईला सूर धरला. खाली कुणाला कळलं असेल असं नाही.

रेकॉर्ड संपली. साठच्या जवळ आल्यावर मी मोजणं थांबवलं, पण मनगट सोडलं नाही.

"का घेतलीत?" मी विचारलं.

अप्पांनी हनुवटी पुसली. मग कुशीवरूनच म्हणाले, "दोन्ही एकाच जातीच्या म्हणालीस नव्हं."

  काका पुढं झाले, "पोरीला काय बोलतोस? कातरली मी. मी दिली."

"गप रे. तू नेहमीच देतोस." अप्पांनी डोळे उघडले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मला नीट बघायला त्यांना डोळे बारीक करावे लागले. "वैजू, इकडं बघ. तू सांगितलंस म्हणून मी खाल्ली न्हाई. चौदा महिनं मी निमित्त हुडकत होतो. तू न्हाई दिलं असतंस तर कुणाकडनं तरी घेतलं असतं. तू जे शिकलीस ते खरं शिकलीस. मी ऐकलं आपल्या सोयीनं."

"मी बोलायला नको होतं."

"बोलायचं. डाक्तर हुणार तू."

"फार्मासिस्ट, अप्पा."

"तेच ते. माणसं आपल्या सोयीनंच ऐकणार हे धरून बोलायचं. यवढंच." मग काकांना म्हणाले, "म्हाद्या, ह्यापुढं पायरीवर थांबायचं न्हाई. सरळ वर यायचं."

"आता वर कशाला येतोय आपण," काका म्हणाले.

 खाली चौक रिकामा होत होता. नानांनी मुहूर्त टळू दिला नव्हता आणि रेकॉर्डही छान वाजली होती. आता मंडपाचं सामान वर यायला कुणाचीच हरकत नव्हती. तिघांनाही ते कळलं होतं.

मी त्यांना उठवून भिंतीला टेकून बसवलं. साखर-मिठाचं पाणी पाजलं. घाम हळूहळू आटत गेला. लाळेचा पूर ओसरला. ऊन खिडकीतून सतरंजीवर आलं होतं. नऊ वाजत आले असतील. अप्पांनी जीभ ओठांवरून फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. चेहऱ्यावर असं काही आलं, जसं गर्दीत कुणी ओळखीचं दिसावं.

"काय होतंय?" मी घाबरून मनगट पकडलं.

"काय न्हाई." त्यांनी हात पुढं केला. "दुसरी पत्ती दे."

"अप्पा, नाही."

"नाडी बघ की."

मी पाहिली. अडुसष्ट.

"आता हाय ते," अप्पा म्हणाले. "बरोब्बर हाय. लई न्हाई, कमी न्हाई. धा-पंधरा मिनिटं टिकंल, मग न्हाई. दे."

डॉक्टरबाईंना विचारावं असं वाटलं, आणि त्या नाही म्हणतील हेही ठाऊक होतं. मी सनईला दोऱ्यानं बांधलेली दुसरी, कोरडी पत्ती सोडवून दिली. अप्पांनी ती तोंडात धरली, डोळे मिटले. काकांनी न सांगता सूर लावला.

आणि अप्पांनी वाजवलं. पहाटेचंच वाजवलं, नऊ वाजता, उन्हात. मोठ्यानं नाही. दमलेल्या छातीला जमेल तेवढंच, जपून, एकेक पायरी बघत उतरावं तसं. माझं बोट अजून त्यांच्या मनगटावर होतं, ते त्यांनी हलवायला सांगितलं नाही. एका हाताची बोटं भोकांवरून उचलली की माझं बोटही उचललं जायचं. खाली झाडलोट करणारी बाई थांबली नाही. कबुतरं उडाली नाहीत. ऐकायला मी आणि काका, एवढेच.

मधेच खालून नाना शेटे यांचा आवाज आला. "अरे, परत कुणी लावली ती? बंद करा. आरती होऊन तीन तास झाले."

अप्पांची सनई थरथरली. त्यांना हसू आलं होतं. ओठ सुटायला लागले, सूर एकदम वाकडा झाला, खाली घसरला, आणि आता पडणार असं वाटत असताना काकांच्या सुरानं त्याला धरलं. अप्पांनी श्वास सावरला, गाल घट्ट केले आणि जिथं सोडलं होतं तिथून उचलून पुढं नेलं. मग शेवटपर्यंत थांबले नाहीत. पत्ती कोरडी पडायच्या आधी त्यांनीच थांबवलं.

परत येताना ते माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होते. आईला काय सांगायचं ते आम्ही वाटेत ठरवलं. ऐनवेळी पत्ती खराब निघाली, एवढंच. बाकीचं चार दिवसांनी, हळूहळू.

आई दारातच उभी होती. घट बसले होते, हाताला माती होती. तिनं अप्पांचा पिळवटलेला सदरा पाहिला, माझं तोंड पाहिलं. पत्तीचं मी सांगायला लागले, तर तिनं ऐकून घेतलं नाही. अप्पांना बसायला पाट सरकवला, तांब्या पुढं केला.

"सकाळी मशीन लावलं ते कळलं मला," ती म्हणाली. "पण नऊ वाजता मधेच हसलात कशाला?"